जर्मनीची ड्राय रेड वाइन : श्पेटबुर्गुंडर आणि तिला साजेसे जेवण

श्पेटबुर्गुंडर ग्लासात ओतली की पहिली शंका येते ती तिच्या रंगाविषयी. नाशिक परिसरात होणाऱ्या शिराझ किंवा कॅबर्ने सॉव्हिन्यॉ या द्राक्षांच्या वाइनची सवय असलेल्या मराठी वाचकाच्या मनात रेड वाइन म्हणजे गडद, जांभळट, आरपार न दिसणारी, अशी खूणगाठ पक्की असते. आणि इथे तर ग्लासामागे धरलेली बोटे दिसावीत इतकी फिकट लाल वाइन समोर येते. तिच्यात पाणी घातलेले नसते, द्राक्षे कच्ची राहिलेली नसतात आणि ती हलक्या प्रतीची असते असेही नाही. फिकटपणा हा त्या द्राक्षाचा स्वभावच आहे, आणि या वाइनसोबत काय खावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या स्वभावातच मिळते.

श्पेटबुर्गुंडर म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातले पिनो न्वार हेच द्राक्ष. जर्मनीत ते नवखे नाही. बोडनझे सरोवराच्या काठावरील बोडमान या गावी सम्राट तिसऱ्या कार्लने इ. स. ८८४ मध्ये त्याची लागवड करवली, असे तिथली परंपरा सांगते. पुढे बर्गंडीत उगम पावलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या मठवासीयांनी ऱ्हाइन नदीकाठच्या उतारांवर द्राक्षशेती वाढवली. ऱ्हाइनगाउ प्रदेशातील त्यांचा एबरबाख मठ ११३६ मध्ये स्थापन झाला. आज जर्मनीत सुमारे साडेअकरा हजार हेक्टरांवर हे द्राक्ष आहे आणि या बाबतीत फ्रान्स व अमेरिका हे दोनच देश जर्मनीच्या पुढे आहेत. रीसलिंगच्या पांढऱ्या वाइनने जर्मनीचे नाव इतके व्यापून टाकले आहे की ही गोष्ट वाइन आवडीने पिणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

रंग, तुरटपणा आणि आंबटपणा

द्राक्ष काळे असो वा हिरवे, बहुतेक जातींचा आतला गर आणि रस रंगहीनच असतो. रेड वाइनचा लाल रंग सालीतून येतो आणि त्यासाठी चिरडलेली द्राक्षे सालींसकट काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, आंबवावी लागतात. साली लगेच बाजूला काढल्या तर त्याच काळ्या द्राक्षांपासून जवळजवळ पांढरी वाइन होते, आणि जर्मनीत श्पेटबुर्गुंडरची अशी पांढरी वाइनही पुष्कळ होते. या द्राक्षाची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्य इतर लाल जातींच्या मानाने कमी असते. त्यामुळे कितीही दिवस साली रसात ठेवल्या, तरी शिराझचा काळाभोर रंग तिला कधीच येत नाही.

सालीबरोबर दुसरी महत्त्वाची गोष्ट उतरते ती टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो तुरटपणा टॅनिनचाच असतो. आपल्या लाळेत काही प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंड ओलसर, बुळबुळीत राहते. टॅनिन त्या प्रथिनांना पकडून बांधून टाकते आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. श्पेटबुर्गुंडरमध्ये हे टॅनिन बेताचे आणि मऊ असते. जेवणाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण तुरट वाइनला ताटात चरबीचा आणि मांसाचा आधार लागतो. श्पेटबुर्गुंडरला तो लागतोच असे नाही.

तिसरी गोष्ट आंबटपणाची. द्राक्ष पिकताना त्यातली साखर वाढते आणि आम्ल घटते, आणि रात्री उष्ण असल्या तर आम्ल अधिक वेगाने घटते. जर्मनीच्या द्राक्षबागा बहुतांशी उत्तर अक्षांश ४८ ते ५१ अंशांच्या दरम्यान आहेत. तिथे शरद ऋतूतल्या रात्री थंड असतात, त्यामुळे द्राक्ष पुरते पिकले तरी त्याचे आम्ल शिल्लक राहते. द्राक्षातले मॅलिक आम्ल हिरव्या सफरचंदात असते तेच, आणि ते तसेच राहिले तर रेड वाइन बोचरी लागते. म्हणून दारू तयार होण्याचा टप्पा संपल्यावर जिवाणूंच्या मदतीने त्याचे लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातल्या सौम्य आम्लात, रूपांतर होऊ दिले जाते. धार जाते, ताजेपणा राहतो. ताजेपणा टिकवणारे आम्ल, बेताचे टॅनिन आणि साधारण साडेबारा ते साडेतेरा टक्के अल्कोहोल यांच्या बळावर ही वाइन जेवणाच्या ताटाशेजारी इतकी सहज बसते.

'ड्राय' म्हणजे नेमके काय

ड्राय वाइन, जर्मनमध्ये ट्रॉकन, म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी वाइन. यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते. ते काम पूर्ण होऊ दिले की वाइन ड्राय होते, मध्येच थांबवले तर गोड राहते. युरोपीय संघाच्या नियमानुसार एका लिटरमध्ये ४ ग्रॅमपर्यंत साखर उरली असेल, तर वाइनला ट्रॉकन म्हणता येते. ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत वाढते, पण अट अशी की उरलेली साखर वाइनमधल्या एकूण आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त नसावी. आम्ल ५ ग्रॅम असेल, तर साखर ७ ग्रॅमपर्यंत चालते. हा नियम केवळ हिशेबाचा नाही. आंबट पदार्थात थोडी साखर जिभेला जाणवत नाही, हा नेहमीचा अनुभव त्यामागे आहे. चांगल्या श्पेटबुर्गुंडरमध्ये साखर या मर्यादेच्या पुष्कळच खाली असते.

पण नाकाची फसगत होते. या वाइनला चेरी, रासबेरी आणि कधी स्ट्रॉबेरीचा वास येतो, आणि असा वास आला की मेंदू गोड चवीची अपेक्षा करतो. त्यामुळे पहिल्या घोटाला अनेकांना ती अपेक्षेपेक्षा आंबट वाटते. फळांचा वास आणि साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा ध्यानात आले की घोटागणिक ती उलगडत जाते.

बाटलीवरचे शब्द मात्र गोंधळात टाकतात. १९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा पायऱ्या ठरवून दिल्या आणि त्या गोडीच्या पायऱ्या आहेत असा समज जगभर पसरला. प्रत्यक्षात त्या बाटलीतल्या नव्हे, तर तोडणीच्या वेळी द्राक्षरसात असलेल्या साखरेवर ठरतात. तिचे माप ओक्सले या एककात असते : एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. ९० ओक्सलेच्या रसातली सगळी साखर यीस्टने खाल्ली, तर ती वाइन श्पेटलेझे असूनही पूर्ण ड्राय होऊ शकते, आणि तेव्हा बाटलीवर 'श्पेटलेझे ट्रॉकन' असे दोन्ही शब्द दिसतात. आणखी एक गुंतागुंत अशी की अनेक नामवंत उत्पादक आपल्या सर्वोत्तम रेड वाइनवर ही पायरी लिहीतच नाहीत. तिथे नुसते क्वालिटेट्सवाइन (म्हणजे दर्जेदार वाइन), गावाचे किंवा बागेचे नाव आणि ट्रॉकन एवढेच असते. तेव्हा पायरीचे नाव नाही म्हणून बाटली खाली ठेवू नये.

त्यापेक्षा उपयोगी खूण व्हीडीपी या संघटनेची आहे. नावाजलेल्या द्राक्षबागायतदारांची ही संघटना १९१० मध्ये स्थापन झाली आणि तिच्या सदस्यांच्या बाटलीच्या गळ्यावर द्राक्षांचा घड धारण केलेल्या गरुडाचे चिन्ह असते. त्यांची प्रतवारी जमिनीवर बेतलेली आहे : संपूर्ण मळ्याची वाइन सर्वांत साधी, तिच्यावर एका गावाची, तिच्यावर निवडक बागेची आणि शेवटी सर्वश्रेष्ठ मानलेल्या बागेची. या शेवटच्या प्रतीच्या ड्राय वाइनला ग्रोसेस गेवेक्स म्हणतात आणि बाटलीवर 'जीजी' ही अक्षरे असतात. ती महाग असते. रोजच्या जेवणासाठी गावाच्या पातळीची वाइन मला सर्वांत समाधानकारक वाटते, कारण तिच्यात जागेचा गुण उतरलेला असतो आणि ती फार काळ ठेवून देण्याची गरज नसते.

जागेचा गुण

आर ही ऱ्हाइनला मिळणारी छोटी नदी बॉन शहराच्या दक्षिणेला आहे. तिच्या खोऱ्यात जेमतेम साडेपाचशे हेक्टर द्राक्षबागा आहेत आणि इतक्या उत्तरेला असूनही त्यांतल्या सुमारे चार पंचमांश लाल द्राक्षांच्या आहेत. हे जमते ते काळ्या पाटीच्या दगडामुळे. कड्यासारख्या उभ्या, दक्षिणाभिमुख उतारांवरचा हा स्लेट दगड दिवसभर ऊन शोषतो आणि सूर्य मावळल्यावर ती ऊब वेलींना परत देतो. उतार इतके तीव्र आहेत की बहुतेक काम हातानेच करावे लागते. याच खोऱ्यातल्या मायशोस गावात १८६८ मध्ये स्थापन झालेली द्राक्षउत्पादकांची सहकारी संस्था जगातील सर्वांत जुन्या अशा संस्थांमध्ये गणली जाते. साखर कारखान्यांमुळे सहकाराशी घरोबा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला तिचे मोल वेगळे सांगायला नको. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीला महापूर आला, खोऱ्यात १३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि नदीकाठची बहुतेक वाइन तळघरे पाण्याखाली गेली. उतारावरच्या बागा मात्र बऱ्याच अंशी वाचल्या. त्या वर्षीची तोडणी जर्मनीच्या इतर भागांतून मदतीला आलेल्या उत्पादकांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर पार पडली, आणि चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून पुनर्बांधणीसाठी निधी उभा केला गेला. आजही आरची बाटली विकत घेणे हे त्या खोऱ्याला हातभार लावणे आहे, असे मला मनापासून वाटते.

दक्षिणेला, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेलगतचा बाडेन हा प्रदेश याच्या अगदी उलट आहे. जर्मनीतल्या श्पेटबुर्गुंडरपैकी जवळपास निम्मी एकट्या बाडेनमध्ये आहे. फ्रायबुर्गजवळ ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात उभा असलेला कायझरश्टूल हा विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर देशातल्या सर्वांत उबदार भागांपैकी एक आहे आणि तिथली वाइन अधिक भरलेली, पिकल्या फळांची, कमी आंबट लागते. ऱ्हाइनगाउच्या पश्चिम टोकाला आसमान्सहाउझन हे गाव आहे. भोवताली सगळीकडे रीसलिंग आणि मध्ये हे एक लाल वाइनचे गाव. तिथल्या ह्योलेनबेर्ग या स्लेटच्या उतारावरची वाइन नाजूक, फुलांच्या वासाची आणि दीर्घायुषी असते. फ्रांकेन प्रदेशात माइन नदीकाठच्या ब्युर्गश्टाट आणि क्लिंगेनबेर्ग या गावांत तांबडा वालुकाश्म आहे, तर फाल्त्स प्रदेशात, फ्रान्सच्या अगदी सीमेवरच्या श्वाइगेन गावी, चुनखडी आहे.

ही विविधता आज बाटलीत जाणवते, पण नेहमीच जाणवत होती असे नाही. काही दशकांपूर्वी जर्मन रेड वाइन बव्हंशी पातळ आणि गोडसर असे. चिरडलेली द्राक्षे सालींसकट तापवून झटपट रंग काढला जाई, मग रस आंबवला जाई आणि शेवटी न आंबवलेला रस घालून गोडी आणली जाई. १९८० च्या दशकात आर खोऱ्यात वेर्नर नेकेल, बाडेनच्या मालटर्डिंगेन गावी बेर्नहार्ड हूबर, फ्रांकेनमध्ये पाउल फ्युर्स्ट, फाल्त्समध्ये फ्रीडरिश बेकर अशा मोजक्या उत्पादकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी वेलीवर घड कमी ठेवले, बर्गंडीप्रमाणे सालींसकट आंबवण पूर्ण केली, वाइन ड्राय ठेवली आणि ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत मुरवली. सुरुवातीला पिंपाचा व्हॅनिला आणि धुरकट वास अनेकांनी जरा जास्तच येऊ दिला. पुढे हात सावरला. हवामान तापत गेल्यामुळे द्राक्ष दरवर्षी पुरते पिकू लागले, हीसुद्धा या बदलामागची मोठी शक्ती आहे. १९८० च्या सुमारास जर्मनीतल्या द्राक्षबागांपैकी साधारण दहावा हिस्सा लाल द्राक्षांचा होता, आता तो एक तृतीयांशाच्या आसपास आहे. तापवून रंग काढण्याची पद्धत स्वस्त बाटल्यांसाठी आजही वापरली जाते. तिच्यातून येणारा शिजवलेल्या फळांसारखा एकसुरी वास एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही.

ताटात काय असावे

वाइन आणि अन्न यांच्या जोडीविषयी नियमांच्या लांबलचक याद्या सापडतात. त्या पाठ करण्यापेक्षा तोंडात काय घडते हे समजून घ्यावे. अन्नातली चरबी आणि प्रथिने टॅनिनचा तुरटपणा कमी करतात. वाइनमधले आम्ल तोंडात साचलेली चरबी धुऊन काढते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मीठ वाइनमधला कडवटपणा झाकते. पदार्थातली साखर मात्र ड्राय वाइनला आणखी आंबट आणि कडू करते, आणि अल्कोहोल मिरचीची आग भडकवते, कारण तिखटाची आणि अल्कोहोलची जळजळ तोंडातल्या एकाच प्रकारच्या मज्जासंवेदकांवर काम करते. एवढे लक्षात ठेवले की श्पेटबुर्गुंडरसाठी ताट आपोआप ठरू लागते.

जर्मनीत ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, भाजलेला हंस खाण्याची प्रथा आहे आणि त्या जेवणाशी ही वाइन फार सुंदर जमते. हंसाचे किंवा बदकाचे मांस चरबीने भरलेले, पण चवीला सौम्य असते; श्पेटबुर्गुंडरचे आम्ल ती चरबी कापते आणि तिचे मऊ टॅनिन मांसाच्या चवीवर चढून बसत नाही. सोबत रोटकोल, म्हणजे सफरचंद, व्हिनेगर आणि लवंग घालून मंद आचेवर शिजवलेली जांभळी कोबी, असते. तिच्यात गोडी असते, म्हणून इथे आरच्या सडपातळ वाइनपेक्षा बाडेनची पिकलेली, भरलेली वाइन घ्यावी.

हरणाच्या मांसाची गोष्ट याहून मार्मिक आहे. जर्मनीत शिकारीच्या मांसाची मोठी परंपरा आहे, आणि भाजलेले हरण, लिंगनबेरीचा आंबटगोड मुरंबा आणि श्पेट्स्ले नावाचे अंड्याच्या कणकेचे छोटे शेवयांसारखे तुकडे हा शरद ऋतूतला ठरलेला बेत असतो. हरणाच्या मांसात चरबी फारच थोडी असते. गडद, तुरट वाइनच्या टॅनिनला पकडायला तिथे काही नसते आणि ती वाइन मांसाला आणखी कोरडे करते. श्पेटबुर्गुंडर मात्र मांसाच्या रानटी वासाला आपल्या वासाने साथ देते. बाटलीत सात-आठ वर्षे मुरलेल्या चांगल्या श्पेटबुर्गुंडरमध्ये ताज्या चेरीचा वास मागे सरतो आणि ओल्या पाचोळ्याचा, अळंबीचा, चामड्याचा वास पुढे येतो. हरणासोबत अशीच बाटली उघडावी.

अळंबीचा हा संबंध शाकाहारी वाचकांसाठी फार मोलाचा आहे. रेड वाइन म्हणजे मांसच हवे, ही समजूत तुरट वाइनमुळे रुजली. टॅनिन भरपूर असलेल्या वाइनसोबत अळंबीसारखा उमामी चवीचा, म्हणजे मांसल, खोल चवीचा पदार्थ खाल्ला तर वाइन कडू लागते. श्पेटबुर्गुंडरचे तसे होत नाही. जर्मनीत उन्हाळ्यात पिवळ्या रंगाच्या रानअळंब्या बाजारात येतात, त्यांना फिफरलिंग म्हणतात. लोण्यावर कांद्याबरोबर परतून, सायीच्या रश्शात घालून, पावाच्या उकडलेल्या गोळ्यांसोबत त्या वाढतात. सायीला कापणारे आम्ल आणि अळंबीशी जुळणारा वास, दोन्ही एकाच ग्लासात मिळतात. माझ्या मते या वाइनची सर्वांत चांगली जोडी हीच आहे, हंस आणि हरणसुद्धा नंतर.

झाउअरब्राटन हा प्रसिद्ध पदार्थ मात्र वाटतो तितका सोपा नाही. गोमांसाचा मोठा तुकडा व्हिनेगर, वाइन, कांदा आणि मसाल्यांत काही दिवस मुरवून मग तासन् तास शिजवतात. ऱ्हाइनकाठच्या पद्धतीत रश्शात मनुका आणि आल्या-दालचिनीच्या केकचा चुरा घालून त्याला गोडी आणतात. आंबट पदार्थासोबत वाइनचा आंबटपणा कमी भासतो, आणि मुळात नाजूक असलेली वाइन अशा वेळी सपक होऊन जाते. तिथे जास्त अंगाची बाटली हवी. डोर्नफेल्डर या दुसऱ्या जर्मन लाल द्राक्षाची ड्राय वाइन अशा वेळी कामाला येते. १९५५ मध्ये व्युर्टेमबेर्गमधल्या वाइन्सबेर्ग इथल्या संस्थेत आउगुस्ट हेरोल्ड यांनी दोन जातींच्या संकरातून हे द्राक्ष तयार केले. त्याची साल गडद असते आणि वाइन काळसर, फळांनी भरलेली, सरळ चवीची होते. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुपरमार्केटमध्ये डोर्नफेल्डर घेताना बाटली नीट वाचावी : 'लीब्लिश' असे लिहिले असेल तर ती गोड असते, 'हाल्पट्रॉकन' अर्धवट ड्राय, आणि 'फाइनहेर्ब' या शब्दाला कायद्याने ठरवलेले माप नाही, पण ती बहुधा हलकी गोडसर निघते. जेवणासाठी ट्रॉकनच घ्यावी.

व्युर्टेमबेर्गमध्ये आणखी एक लाल द्राक्ष आहे, लेम्बेर्गर. ऑस्ट्रियात त्यालाच ब्लाउफ्रेंकिश म्हणतात. त्याची वाइन श्पेटबुर्गुंडरपेक्षा गडद, मिरीसारख्या मसालेदार वासाची आणि अधिक तुरट असते. तिथले लोक ती कुरकुरीत तळलेल्या कांद्याने झाकलेल्या गोमांसाच्या भाजलेल्या कापासोबत घेतात, आणि तो कांदा व ती वाइन एकमेकांसाठीच आहेत.

मासे आणि रेड वाइन यांचे वैर सांगितले जाते त्याला आधार आहे. वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात उग्र, धातूसारखी चव राहते. लोहाचे प्रमाण वाइनगणिक बदलते, आणि कमी तुरट, किंचित गार केलेली श्पेटबुर्गुंडर भाजलेल्या सॅमन किंवा ट्यूनासोबत बहुधा चांगली लागते. बांगडा, तारली अशा फार तेलकट माशांसोबत मात्र ती टाळावी. वसंतात जर्मन लोक ज्याच्यासाठी वेडे होतात तो पांढरा शतावरीचा कोंबही हिला चालत नाही. त्याला झिल्वानर या द्राक्षाची पांढरी वाइन हवी. चीजमध्ये ब्रीसारखे मऊ किंवा आल्प्सच्या डोंगरातले घट्ट, खमंग चीज चांगले. निळ्या बुरशीच्या खारट, तीव्र चीजपुढे ही वाइन हरते. फरसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाच्या धुरावर मुरवलेले श्वार्त्सवाल्डचे हॅम आणि राय या धान्याचा पाव यांच्यासोबत तरुण, साधी बाटली पुरे.

मराठी जेवणासोबत काय, हा प्रश्न इथे येणारच, आणि त्याचे उत्तर वरच्याच तत्त्वांतून काढावे. तांबडा रस्सा आणि ही वाइन एकत्र घेऊ नये. मिरचीपुढे तिचा सगळा नाजूकपणा संपतो आणि उरते ती नुसती आग. गूळ घातलेली आमटी किंवा आंबटगोड भाज्या तिला आंबटढाण करतात. गोव्याच्या विंदालूमध्ये व्हिनेगर आणि तिखट दोन्ही आहेत, त्यामुळे तिथेही ती जमत नाही. याउलट चुलीवर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याचे कमी तिखट भरीत, लोण्यावर परतलेली अळंबी, काळ्या मिरीचे मटण आणि नारळाच्या दुधाचा सौम्य पांढरा रस्सा यांच्याशी तिचे चांगले जुळते. भरताचा धुरकट वास आणि मुरलेल्या श्पेटबुर्गुंडरचा मातकट वास यांची जोडी तर अवश्य करून पाहावी अशी आहे.

गारवा, ग्लास आणि साठवण

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांच्या काळचा आहे. पुण्या-मुंबईच्या खोलीत तीस अंशांना श्पेटबुर्गुंडर घेतली, तर अल्कोहोलचा भपका पुढे येतो आणि चेरीचा वास हरवतो. तरुण, हलक्या वाइनसाठी १४ अंश आणि मुरलेल्या, भरदार वाइनसाठी १६ ते १७ अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. आपल्या हवेत बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. जास्त गार झाली तर ग्लासात ती आपोआप सावरते, उलट मात्र होत नाही. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा आणि तो एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. वाइन दुसऱ्या भांड्यात ओतून हवा देण्याची गरज सहसा नसते. जुन्या बाटलीतल्या वाइनचा नाजूक वास तर जास्त हवा लागून लवकर उडून जातो.

साधी बाटली तीन-चार वर्षांत संपवावी. ग्रोसेस गेवेक्स दहा वर्षे आणि त्याहून अधिक टिकते, पण ती सतत १२ ते १५ अंशांत, आडवी आणि अंधारात राहिली तरच. अशी सोय नसेल तर जर्मनीहून आणलेली महागडी बाटली कपाटात जपून ठेवण्यापेक्षा लवकर उघडणे शहाणपणाचे, कारण महाराष्ट्रातला एक उन्हाळाही तिला म्हातारी करायला पुरेसा असतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. पातळ साल आणि थोडे टॅनिन यांमुळे हवेपासून तिला संरक्षण कमी असते, म्हणून शिराझइतकी ती टिकत नाही. तिसऱ्या दिवशी उरलेली वाइन अळंबी किंवा मटण शिजवताना भांड्यात घालावी आणि ती आटून निम्मी झाल्यावरच मीठ घालावे.